अँबॅसिडरचं इंजिन उतरवताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागातल्या आमच्या अंगणात वडिलांची १९७७ची अँबॅसिडर मार्क थ्री उभी होती आणि ती स्टिअरिंगपर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर घर धुवायचं, कागद वाळवायचे, गाळ उपसायचा, या सगळ्यात गाडीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ताडपत्रीखाली ती तशीच राहिली. मी तिच्याकडे वळलो तेव्हा इंजिन पूर्ण जाम झालं होतं. पंखा हाताने तसूभर हलत नव्हता.

मी मेकॅनिक नाही. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींच्या सल्ल्याने आणि पुतण्याच्या मदतीने मी ते इंजिन घरच्या अंगणात उतरवलं. मिस्त्रींना मी मामा म्हणतो. हे काम करताना जे कळलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण सांगली, मिरज, साताऱ्याकडे अजून पुष्कळ अँबॅसिडर गोठ्यांत आणि शेडमध्ये उभ्या आहेत आणि त्या भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आधी गाडीबद्दल थोडं. अँबॅसिडर म्हणजे मूळची ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्थान मोटर्सने ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४पर्यंत बनवली. या लेखातलं इंजिन म्हणजे १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरचं, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं. ते बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज घराण्यातलं आहे. एमजीए आणि एमजीबी या ब्रिटिश गाड्यांत त्याचीच भावंडं बसवलेली होती, त्यामुळे त्या गाड्यांवरची माहिती आपल्यालाही बरीचशी लागू पडते. १९९०च्या दशकात आलेल्या इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाच्या अँबॅसिडर वेगळ्या. त्यांना खालची पद्धत ढोबळमानाने चालेल, पण बोल्ट आणि जोडण्या वेगळ्या निघतील.

गिअरबॉक्ससकट की एकटं?

हा निर्णय पाना हातात घेण्याआधी करायचा. पुष्कळ गॅरेजांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढतात. त्यात क्लच शाफ्टची जुळवाजुळव जमिनीवर करता येते, हा फायदा खरा आहे. पण मग प्रोपेलर शाफ्ट सोडा, मागचं फाउंडेशन (म्हणजे ज्या रबरी आधारावर ते टेकलेलं असतं तो) सोडा, स्टिअरिंगवरच्या गिअरच्या सळ्या सोडा, स्पीडोमीटरची केबल सोडा, क्लचची जोडणी सोडा, आणि वर तो लांबलचक जोडगोळा तिरका करून बाहेर काढा. दोघांच्या बळावर, घरच्या अंगणात, पहिल्या वेळी हे करू नये असं माझं मत आहे. गिअरबॉक्स गाडीतच ठेवा, त्याला खालून जॅकचा आधार द्या आणि इंजिन एकटं पुढे ओढून वर घ्या. अँबॅसिडरच्या बॉनेटखाली जागा भरपूर आहे. रेडिएटर निघाला की इंजिनाला पुढे सरकायला हवी तेवढी वाट मिळते.

गिअरबॉक्समध्येही पुराचं पाणी गेलं असेल तर तोही कधीतरी उतरवावा लागेलच. तो नंतर, इंजिन बाहेर असताना, वेगळा काढणं सोपं जातं.

जागा आणि अवजारं

इंजिनाचं वजन दीडशे किलोच्या पुढे धरा. मार्केट यार्डात हळदीची पन्नास किलोची पोती उचलताना ज्यांनी पाहिलंय त्यांना अंदाज येईल: अशी तीन पोती, एकत्र बांधलेली, तेलकट, आणि हवेत लोंबकळणारी.

म्हणून सगळ्यात आधी ते टांगायचं कशाला ते ठरवा. जुन्या वाड्याची तुळई वरून भक्कम दिसते. पण पुरात भिजलेलं, वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड डोळ्यांना कळत नाही. चिंचेच्या किंवा आंब्याच्या फांदीला चेन पुली लावून इंजिनं उतरवल्याचे किस्से खेड्यांत ऐकायला मिळतात. तसलं काही करू नका. चाकांची घडीची इंजिन क्रेन भाड्याने मिळते, किंवा लोखंडी पाइपची भक्कम तिपाई आणि एक टनाची चेन पुली चालते. पहिल्यांदा करणाऱ्याला क्रेन बरी, कारण ती मागेपुढे सरकवता येते आणि आपल्याला इंजिन आधी पुढे आणि मग वर न्यायचं असतं. क्रेनच्या दांड्यावर भोकांपाशी वजनाचे आकडे लिहिलेले असतात ते वाचा. दांडा जितका लांब ओढाल तितकी तिची ताकद घटते. दोन टनांची क्रेन पूर्ण लांबीवर पाव ते अर्धा टनच झेलते.

आता जमीन. काळ्या मातीत क्रेनची चाकं रुततात आणि शहाबादी फरशी त्या चाकाखाली काडकन तडकते. आमच्या अंगणात शहाबादीच होती. मी तिच्यावर जाड प्लायवूडचे दोन तुकडे टाकले आणि क्रेन त्यावरूनच फिरवली. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. इंजिन बाहेर निघालं की गाडीचा पुढचा भाग स्प्रिंगवर वर उचलला जातो आणि गाडी हलते.

पान्यांबाबत एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर चार बोल्टची डोकी वाचली असती. या इंजिनाचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचे नाहीत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की घसरतो. ९/१६ इंच म्हणजे १४.२९, चौदाचा जात नाही, पंधराचा सैल. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ‘चार सुताचा पाना आण’ म्हटलं की अर्ध्या इंचाचा. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ या मापांचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट) असल्या की बहुतेक काम निभतं. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते.

याशिवाय लांब एक्स्टेन्शन, दोन जॅक, चार जॅक स्टँड, एक लोखंडी आणि एक रबरी हातोडी, तेल झिरपवायला गंज सोडवणारा स्प्रे, आणि हाताशी अग्निशामक नळकांडं. शेवटच्या वस्तूला पर्याय नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत, खड्ड्यात, गाडीच्या पोटाखाली साचते आणि दिसत नाही. कामाला पिवळा उघडा बल्ब नको, एलईडीचा दिवा घ्या. शेजारी कुणी विडी ओढत बघायला उभा राहिला तर त्याला नम्रपणे पण ठामपणे बाहेर घालवा.

फोटो, खुणा, डबे

इंजिन काही दिवसांत उतरतं. ते परत बसवायची वेळ मात्र वर्षाने, दोन वर्षांनी येते, आणि तोवर कोणती वायर कुठे होती हे डोक्यात राहत नाही. उतरवणाऱ्याने प्रत्येक काम बसवणाऱ्याचा विचार करून करावं. मी या कामाकडे असंच बघतो आणि खालचं सगळं त्यातून आलंय.

हात लावण्याआधी दीडशे-दोनशे फोटो काढा: वरून, दोन्ही बाजूंनी, खालून, प्रत्येक वायरच्या टोकाचा जवळून. मग मोबाइल हातात धरून एक सलग व्हिडिओ घ्या आणि बोलत जा: ‘ही पिवळी वायर डायनामोच्या मोठ्या टोकाला, ही तपकिरी इकडे.’ पुराच्या गाडीत वायरींचे रंग गाळाने एकसारखे मातकट झालेले असतात. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग फोटो घ्या.

मास्किंग टेपवर नाव लिहून वायरीला चिकटवण्याचा सल्ला सगळे देतात. माझ्या टेपा तेलाने आठवडाभरात गळून पडल्या आणि बारा वायरींपैकी पाच मला पुन्हा फोटोंवरून शोधाव्या लागल्या. नंतर मी शीतपेयाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून पट्ट्या केल्या, खिळ्याने त्यावर आकडे टोचले आणि तांब्याच्या बारीक तारेने वायरींना बांधल्या. त्या आजही जागेवर आहेत. आकड्यांची यादी वहीत.

नट-बोल्टसाठी भडंगाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बरण्या उत्तम. झाकण घट्ट बसतं आणि आतलं बाहेरून दिसतं. एका भागाची एक बरणी. शक्य तिथे नट काढल्यावर भाग वेगळा झाला की तो नट परत त्याच्या स्टडवर दोन आटे फिरवून ठेवा, म्हणजे हरवायचा प्रश्नच नाही.

इंजिन नंबरची जागा साफ करा आणि कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पहा. पुढे ब्लॉक साफ करताना त्या जागेवर ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश चालवू देऊ नका. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीची सोय झाली आहे. त्या वाटेने जायचं असेल तर गाडी आणि तिचे नंबर मूळचेच असणं फार महत्त्वाचं ठरतं.

पाणी, तेल, पेट्रोल

आधी बॅटरी. अर्थची वायर पहिल्यांदा सोडायची, म्हणजे बॅटरीपासून बॉडीला जाणारी. ती निगेटिव्हच असेल असं गृहीत धरू नका. ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत कधी कधी पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली असते. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी पाहून ठरवा.

रेडिएटरचा खालचा नळ उघडा आणि ब्लॉकवरचाही. ब्लॉकचा नळ उघडला आणि काहीच आलं नाही म्हणजे ब्लॉक रिकामा आहे असं नव्हे. माझ्याकडे तिथे गाळाचा बुच बसला होता. आतून तार घालून खरवडल्यावर कृष्णेचं तांबडं पाणी भसकन बाहेर आलं, इतक्या वर्षांनीही. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर ते पातेल्यात धरा आणि झाकून ठेवा. त्याची चव गोडसर असते, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

इंजिन ऑइल काढताना पुराच्या गाडीत चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट अगदी सावकाश ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. ते वेगळ्या भांड्यात धरा. किती पाणी होतं यावरून आत काय अवस्था असेल याचा अंदाज येतो. मग येणारं तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी त्यात घुसळलं गेलंय, म्हणजे पाणी शिरल्यावर कुणीतरी इंजिन फिरवलं असावं. जुनं तेल गटारात ओतू नका. आपली गटारं शेवटी नदीलाच मिळतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, जळकं तेल विकत घेणारे त्यांच्याकडे येतात.

पेट्रोलची नळी पंपापाशी सोडली की तिच्या तोंडात बरोबर मापाचा बोल्ट घालून क्लिप आवळा. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर ते आधी पूर्ण काढा, मोकळ्या हवेत, दिवसाउजेडी.

जाम इंजिनाचे स्पार्क प्लग याच वेळी काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं गंज सोडवणारं तेल ओतून प्लग हाताने परत लावा. सेल्फ मारून ते सोडवायचा मोह टाळा. गाडीला टोचन लावून गिअरमध्ये ओढायचा तर अजिबात नको, त्यात कनेक्टिंग रॉड वाकतात. गिअरबॉक्स गाडीत ठेवून इंजिन काढायचं असेल तर ते फिरण्याची गरजच नसते.

वरची कामं

बॉनेट जड आहे, दोघांनी काढा. बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढून ठेवा म्हणजे परत बसवताना फटी जुळवत बसावं लागत नाही. ते भिंतीला टेकवून ठेवू नका. जुन्या गोधडीवर आडवं ठेवा.

रेडिएटरचे होज पाइप इतक्या वर्षांनी धातूला चिकटलेले असतात. पिळून ओढलेत तर रेडिएटरची पातळ पितळी नळी फाटेल. पाइप नवे मिळतात, म्हणून ते सरळ लांबीत चिरा आणि सोला. रेडिएटर मिळायला वेळ लागतो.

ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिलं तर कार्बोरेटर आणि दोन्ही मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा ओतीव नळ) डाव्या अंगाला, आणि डायनामो, सेल्फ, डिस्ट्रिब्यूटर, ऑइल फिल्टर उजव्या अंगाला. डाव्या बाजूने कार्बोरेटर पूर्ण काढून घ्या, तोंडात फडकं कोंबा. अॅक्सिलरेटरची दांडी, चोकची तार सोडा. उजवीकडून सेल्फ काढावाच लागतो, कारण त्याचे बोल्ट बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या, तोंडापाशीच आहेत. वरचा बोल्ट हाताला लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. डिस्ट्रिब्यूटर काढताना त्याची आवळपट्टी ढिली न करता, ती पट्टी ब्लॉकला धरणारे दोन स्क्रू काढा, म्हणजे टायमिंगची मूळ जागा खुणेसाठी टिकते. डायनामो आणि ऑइल फिल्टर काढलेत तर इंजिन वर येताना स्टिअरिंगच्या बाजूला मोकळीक मिळते. मी काढले, तुम्हीही काढा.

काही गाड्यांत तापमानाच्या मीटरला हेडपासून केसासारखी बारीक तांब्याची नळी जाते. तिला वायर समजून कापू नका, तिच्या आत द्रव भरलेला असतो आणि एकदा पिचली की मीटर संपला. टोकाचा बल्ब हेडमधून काढा आणि सगळी नळी मोठं वेटोळं करून बाजूला बांधा. ऑइल प्रेशरची नळी असेल तर तीही अशीच जपा.

सायलेन्सरचे नट आणि बेल हाऊसिंग

माझा सर्वाधिक वेळ इथे गेला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली सायलेन्सरचा पाइप जोडलेला असतो. तिथले नट चाळीस वर्षं तापून-निवून जवळजवळ वितळल्यासारखे एक झालेले असतात. तीन संध्याकाळी ओळीने त्यांवर स्प्रे मारा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा. चौथ्या दिवशी पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, मग सोडायच्या. ‘कट्ट’ असा कोरडा आवाज आला तर गंज सुटला. नट रबरासारखा लवचिक फिरतोय असं वाटलं तर थांबा, स्टड पिळवटतोय. तेव्हा छिन्नीने नट उभा चिरून काढा. नट दोन-पाच रुपयांचा, स्टड मॅनिफोल्डमध्ये तुटला तर ड्रिल मारून काढण्यात एक दिवस जातो. आग लावून तापवायचं असेल तर पेट्रोलची नळी, कार्बोरेटर आणि टाकी यांचा विचार आधी करा. मी तापवलं नाही.

आता गाडी पुढून उचलून जॅक स्टँडवर घ्या. स्टँडखाली प्लाय, स्टँड चासीच्या भक्कम भागाखाली, आणि खाली शिरण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, एका बोल्टसाठीसुद्धा नाही.

बेल हाऊसिंगच्या कडेने बोल्टची माळ आहे. खालचे गाडीखालून, वरचे बॉनेटमधून लांब एक्स्टेन्शन लावून. प्रत्येक बोल्टची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर बेल हाऊसिंगचा गोल काढा आणि बोल्ट निघेल तसा त्या त्या जागी पुठ्ठ्यात खोचा. किती निघाले तेही मोजा. शेवटचे वरचे दोन बोल्ट ढिले करून तसेच ठेवा, गिअरबॉक्सला आधार दिल्याशिवाय ते काढायचे नाहीत.

क्लचची हायड्रॉलिक जोडणी गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. ती राहते तिथेच. पण इंजिन बाहेर असेपर्यंत कुणीही क्लचचं पेडल दाबू नये. पेडलला कागद बांधून ठेवा, घरात लहान मुलं असतील तर विशेष.

खालचं काम झालं की गाडी परत चाकांवर उतरवा. गाडी जितकी खाली, तितकं इंजिन कमी उंच न्यावं लागतं.

उचलण्याचा दिवस

सकाळी लवकर, तीन माणसं: एक क्रेनच्या दांड्याशी, एक इंजिनाच्या पुढे, एक बाजूला गिअरबॉक्सकडे बघणारा. बोलणारा एकच. आमच्याकडे मामा बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते.

बेल हाऊसिंगखाली जॅक लावा, मध्ये लाकडाचा सपाट ठोकळा. जॅक फक्त टेकेपर्यंत.

साखळी कुठे लावायची? इंजिनावर उचलायच्या कड्या असतील तर त्यांना. नसतील तर ओतीव लोखंडाच्या भक्कम जागी, एक पुढे आणि एक तिरक्या कोपऱ्यात मागे, चांगल्या पोलादाच्या बोल्टने. बोल्ट त्याच्या जाडीच्या निदान दीडपट आत शिरला पाहिजे आणि साखळी पृष्ठभागाला चिकटून हवी. लांब बोल्टच्या टोकाला लोंबती नको. टॅपेट कव्हरचे स्टड, मॅनिफोल्ड, पाण्याचं ओतीव तोंड, यांना कधीही टांगू नका. साखळी आखूड ठेवून फार पसरवूही नका. तिचे दोन पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त ताण येतो. तेच पाय ३० अंशांपर्यंत पसरले की प्रत्येकावर इंजिनाच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो.

साखळी ताणली जाईल इतकंच क्रेनने उचला. आता फाउंडेशनचे नट काढा, दोन्ही बाजूंचे. रबराखाली पत्र्याच्या चकत्या असतील तर डाव्या-उजव्या वेगळ्या बरण्यांत. मग बेल हाऊसिंगचे ते राखलेले दोन बोल्ट.

इथून पुढे दिशा महत्त्वाची. इंजिन बोटभर उचला, फाउंडेशनमधून सुटण्यापुरतं, आणि गिअरबॉक्सखालचा जॅकही तेवढाच वर घ्या. मग क्रेन सरळ पुढे. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या आत वीतभर शिरलेला असतो. तो पूर्ण बाहेर येईपर्यंत इंजिन वर न्यायचं नाही, डुलवायचं नाही. इंजिनाचं वजन त्या शाफ्टवर पडलं तर क्लच प्लेट वाकते, कधी शाफ्टही.

आमचं इंजिन दोन बोटं पुढे आलं आणि थांबलं. मी मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन फटीत घालायला निघालो. मामांनी हात धरला. “जोर लावू नगासा. कुठंतरी अजून धरलंय. बघा आधी.” पुठ्ठ्यावरचे बोल्ट मोजले, पूर्ण होते. पुतण्या टॉर्च घेऊन खाली शिरला आणि त्याला इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी दिसली, ताणून तारेसारखी झालेली. ती मी विसरलो होतो. अजून एक हिसका दिला असता तर ती तुटली असती, किंवा इंजिन एकदम सुटून माझ्या अंगावर आलं असतं.

इंजिन अडलं तर याच क्रमाने बघा: राहिलेला बोल्ट, अर्थची पट्टी, सायलेन्सरचा पाइप, आणि मग कोन. इंजिनाचं आणि बेल हाऊसिंगचं तोंड चहूकडून समांतर नसेल तर शाफ्ट अडकतो. फट वर जास्त आणि खाली कमी दिसली तर गिअरबॉक्सखालचा जॅक किंचित वरखाली करून ती सारखी करा. पुराच्या गाडीत शाफ्टच्या खाचांवर गंज असतो, त्यामुळे थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत आणावं लागतं. दोन मशिन केलेल्या तोंडांमध्ये पहार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. तिथे पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

पट्टी सोडल्यावर इंजिन निमूट आलं. शाफ्ट मोकळा झालेला दिसला की मगच वर. पुढच्या पत्र्यावरून चेंबर सरकून जाईल इतकी उंची आली की क्रेन गाडीपासून लांब घ्या आणि लगेच इंजिन खाली आणा, जमिनीपासून वीतभर. उंच टांगलेलं इंजिन घेऊन क्रेन फिरवली तर ती कलंडते. आणि इंजिन हवेत असताना त्याच्याखाली हात, पाय, डोकं काहीही नको, मग बोल्ट खाली पडलेला दिसत असला तरी.

बाहेर आल्यावर

बेल हाऊसिंगखालचा जॅक तसाच काढून घेऊ नका. बॉनेटच्या खाचेत एक लोखंडी पाइप आडवा टाका आणि मजबूत दोरीने बेल हाऊसिंग त्याला टांगा, मग जॅक काढा. तोंडावर प्लॅस्टिक बांधा, नाहीतर चिमण्या आणि उंदीर दोघंही घर करतात.

क्लच कव्हर काढण्याआधी त्यावर आणि फ्लायव्हीलवर पंचाने जुळती खूण करा. त्याचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने सोडा. माझी क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली होती. लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकल्यावर सुटली. जुन्या क्लच प्लेटमध्ये आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. तिथली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, फुंकूही नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

फ्लायव्हील निघाल्यावर इंजिन स्टँडवर चढवता येतं. स्टँड चार चाकांचा घ्या, तीन चाकांचा वळताना डगमगतो. स्टँड नसेल तर बाभळीच्या जाड ठोकळ्यांवर ठेवा, पण भार ब्लॉकच्या कडेवर येऊ द्या. चेंबर पातळ पत्र्याचा असतो, त्यावर इंजिन टेकवलं की तो आत दबतो आणि ऑइल पंपाच्या जाळीला लागतो. सगळी उघडी तोंडं फडक्याने बंद करा, किती फडकी कोंबली ते वहीत लिहा.

आमचं इंजिन शनिवारी सकाळी साडेअकराला खाली ठेवलं. चेंबर उघडल्यावर तळाला करंगळीएवढा गाळाचा थर होता, दह्यासारखा घट्ट. त्याच संध्याकाळी मी तो उलथण्याने काढून एका बरणीत भरला आणि बरणीवर पत्र्याची शेवटची पट्टी बांधली.